हातचं सोडून उडत्यामागे

पंख असलेली माणसं सदरा कसा घालत असतील, हा प्रश्न मला सातवीत पडला. शाळेच्या स्नेहसंमेलनात वर्गातल्या चार मुली पऱ्या झाल्या होत्या. पुठ्ठ्याचे पंख, त्यांवर चमकी आणि काखेतून काढलेलं इलॅस्टिक. पंख बांधून झाल्यावर अडचण आली ती हातांची. हात वर केले की इलॅस्टिक काचायचं आणि पंख मानेवर चढायचे. शेवटी बाईंनी तोडगा काढला: हात कमरेवर ठेवा आणि नुसत्या गिरक्या घ्या. पऱ्यांचा नाच हातांशिवाय पार पडला.

पुढे पंखवाल्या माणसांच्या कथा, चित्रं, शिल्पं आणि अलीकडे व्हिडिओ गेम बघताना बाईंचा तो तोडगा पुन्हा पुन्हा आठवत राहिला. निसर्गाने पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांना अवयवांच्या दोनच जोड्या दिल्या आहेत. पक्ष्याने, वटवाघळाने आणि त्यांच्याआधी कोट्यवधी वर्षं टेरोसॉरने पुढची जोडी मोडून पंख केले. तिघांनीही हात गमावले. माणसाला मात्र दोन्ही हवं असतं: उडायचंही आणि उडता उडता तलवार, वीणा किंवा प्रेयसीही धरायची. हा हिशेब जुळत नाही, आणि तो जुळवण्याच्या खटपटीतून पंखमाणसांच्या साऱ्या जाती जन्माला आल्या आहेत. म्हणून त्यांचा आढावा घेताना ती कुठल्या देशातली आणि कुठल्या काळातली, हे मी नंतर पाहतो. हातांचं काय केलं, हे आधी.

सगळ्यात जुना मार्ग साधा होता. पक्षी घ्यायचा आणि त्याला माणसाचं डोकं बसवायचं. प्राचीन इजिप्तमधला 'बा' असाच. तो मृताच्या आत्म्याचा एक भाग. थडग्याबाहेर हिंडून यायचा आणि रात्री ममीकडे परतायचा. अंग पक्ष्याचं, चेहरा मेलेल्या माणसाचा. गंमत अशी की काही चित्रांत या पक्ष्याच्या छातीतून मध्येच दोन माणसी हात बाहेर आलेले दिसतात, कारण त्याला झाडातल्या देवीने ओतलेलं पाणी ओंजळीत घ्यायचं असतं. चित्रकाराला शरीररचनेपेक्षा तहान महत्त्वाची वाटली. मला हे फार माणुसकीचं वाटतं.

ग्रीकांच्या सायरनही मुळात अशाच. होमरने त्या दिसतात कशा हे सांगितलेलंच नाही. ते ठरवलं मडकी रंगवणाऱ्यांनी. ब्रिटिश म्युझियममध्ये इसवी सनापूर्वी ४८०च्या सुमाराचं एक भांडं आहे. त्यावर ओडिसियस डोलकाठीला बांधलेला आहे आणि बाईचं डोकं असलेला एक पक्षी कड्यावरून उलटा खाली कोसळतो आहे. हात नाहीत, त्यामुळे ओढून नेणं नाही की मारणं नाही. उरला फक्त गळा, आणि तेच त्यांचं हत्यार झालं. नंतरच्या शिल्पकारांना राहवलं नाही. त्यांनी सायरनना हात दिले आणि हातात वाद्य दिलं. मध्ययुगात तर पंखही गेले आणि माशाची शेपटी आली. आज सायरन म्हटलं की बहुतेकांना जलपरी दिसते, त्यामागे हा प्रवास आहे. पक्षिरूप टिकलं ते रशियात. सिरीन हे नाव सायरनवरूनच आलेलं, आणि तिची जोडीदार अल्कोनोस्त. व्हिक्टर वास्नेत्सोव्हने १८९६ साली दोघींना एकाच झाडावर बसवून चित्र काढलं, एक आनंदाची आणि एक दुःखाची. हात नसलेल्या या बायका अजून गातातच.

हार्पींबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. हेसिअडकडे त्या सुंदर केसांच्या, वाऱ्यासारख्या वेगवान. व्हर्जिलकडे येईपर्यंत घाणेरड्या, नख्यांच्या, कायम भुकेल्या आणि दुसऱ्याचं ताट विटाळणाऱ्या. त्यांना हाकलून लावणारे झेटीस आणि कॅलाइस हे भाऊही पंखवालेच, उत्तर वाऱ्याचे मुलगे. पण पंख पुरुषाला फुटले की वीर आणि बाईला फुटले की चेटकीण, हा पक्षपात तेव्हापासूनचा आहे.

दुसरा मार्ग उलटा: अंग माणसाचं, डोकं पक्ष्याचं. निमरूदला असुरनासिरपाल दुसरा (इ.स.पूर्व ८८३ ते ८५९) याच्या राजवाड्याच्या भिंतींवर गरुडमुखी पुरुष रांगेने उभे आहेत. पाठीला पंख, एका हातात छोटी बादली, दुसऱ्यात शंकूसारखं काहीतरी. उडण्याशी त्यांना देणंघेणं नाही. ते पुजाऱ्यांसारखे शुद्धी करताहेत. निमरूदचे काही शिल्पपट मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातही आहेत. तिथून चालत जाता येईल अशा अंतरावर, फोर्टातल्या माणेकजी सेठ अग्यारीच्या दाराशी माणसाच्या तोंडाचे पंखवाले बैल पहारा देतात. आणि पारशी घरांच्या, दुकानांच्या दर्शनी भागावर दिसणारा फरवहर, पंख पसरलेल्या वर्तुळातून कमरेपासून वर आलेला दाढीवाला पुरुष, तोही याच कुळातला. मुंबईकर रोज त्याच्याखालून जातो आणि वर बघत नाही.

आणि मग गरुड. इथे जरा थांबायला हवं, कारण पक्ष्याचा माणूस होत जाण्याचा प्रवास इतका लांब आणि इतका स्पष्ट दुसरीकडे क्वचितच सापडतो. महाभारताच्या आदिपर्वात तो निखळ पक्षी आहे. विनतेच्या अंड्यातून निघतो, भूक लागते म्हणून हत्ती आणि कासव दोन्ही उचलतो, ज्या फांदीवर बसतो ती मोडते, आणि फांदीला वालखिल्य ऋषी उलटे टांगलेले दिसतात म्हणून ती फांदी चोचीत धरून तो उडत राहतो. चोचीत, कारण हात नाहीत. अमृत आणताना इंद्र वज्र मारतो तेव्हा गरुड त्या वज्राचा, म्हणजे दधीचीच्या हाडांचा, मान राखण्यासाठी आपलं एक पीस गाळून टाकतो. इतका रुबाबदार अपमान पुराणांत दुसऱ्या कुणी केलेला नसेल. विष्णूशी त्याचा सौदाही बरोबरीचा आहे. गरुड मागतो, मला तुझ्या वरची जागा हवी. विष्णू त्याला ध्वजावर बसवतो. मग गरुड म्हणतो, आता तू माग. विष्णू त्याला वाहन व्हायला सांगतो. वरही तोच आणि खालीही तोच.

या ध्वजाचा जुना दगडी पुरावा मध्य प्रदेशात विदिशेजवळ उभा आहे. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तक्षशिलेहून आलेल्या हेलिओडोरस नावाच्या यवन राजदूताने वासुदेवासाठी गरुडध्वज उभारला. गावकरी त्याला खांबबाबा म्हणतात. वरचा गरुड आता जागेवर नाही. पक्षीच तो.

पुढच्या शतकांत मूर्तिकारांनी गरुडाला हळूहळू माणसात आणलं. छाती आली, दागिने आले, मुकुट आला आणि शेवटी हात आले. हात आल्याबरोबर ते जोडले गेले. आपल्याकडे विष्णूच्या देवळात देवासमोर गुडघा टेकून बसलेला गरुड बघा. पंख पाठीशी चुण्या घातलेल्या उपरण्यासारखे आवरून घेतलेले, चोचीच्या जागी थोडं टोकदार नाक आणि नमस्काराचे हात. ज्याने इंद्राला एक पीस देऊन गप्प केलं तो हा. पंढरपुरात तर तो खांब झाला आहे. वारकरी गरुडखांबाला मिठी मारून मग विठ्ठलाकडे जातात. मिठी गरुडाला मारायची, पंखांनी नव्हे तर आपल्या हातांनी. हे मला त्या देवळातलं सर्वांत बोलकं दृश्य वाटतं.

समुद्र ओलांडल्यावर त्याचं तेज परत आलं. थायलंडच्या राजचिन्हात तो छाती काढून उभा आहे. इंडोनेशियाच्या राष्ट्रचिन्हात तर त्याची पिसं मोजलेली आहेत: एकेका पंखात १७, शेपटीत ८, ढालीखाली १९ आणि मानेवर ४५. म्हणजे १७ ऑगस्ट १९४५, त्यांचा स्वातंत्र्यदिन. बालीत २०१८ साली पुरा झालेला विष्णू-गरुडाचा पुतळा चौथऱ्यासह १२१ मीटर उंच आहे. जपानमध्ये त्याचा 'कारुरा' झाला, आणि डोंगरातले कावळतोंडे 'तेंगू' त्याच्याच आसपासचे. तेंगूंची चोच पुढे लांब नाकात बदलली आणि ते तलवारबाजी शिकवू लागले. हात हवेतच ना.

तरीही आपल्या परंपरेतली खरी उडणारी मंडळी बिनपंखांची आहेत, आणि या विषयात भारताचं म्हणणं काय असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात इंद्र अप्सरांसह ढगांतून उतरतो आहे. पाठीवर एकही पीस नाही. गळ्यातले हार मागे ओढले गेले आहेत, तेवढ्यावरून वेग कळतो. वेरूळला भिंतीभिंतींवर गंधर्व आणि विद्याधर गुडघे दुमडून तरंगतात. त्यांना हात मोकळे हवेत: कुणाच्या हातात हार, कुणाच्या हातात फुलं. विद्याधर विद्येच्या बळावर उडतो. पंख ही त्याच्या दृष्टीने गावंढळ सोय आहे. ज्या गुणाढ्याच्या बृहत्कथेत विद्याधरांचं अख्खं साम्राज्य आहे, तो परंपरेप्रमाणे आपल्या पैठणचा, सातवाहनांच्या दरबारातला. मूळ ग्रंथ गेला, पण सोमदेवाच्या कथासरित्सागरात त्या कथा शिल्लक आहेत. मराठी माणसाच्या मनातला गंधर्व अजूनही बिनपंखी आहे. बालगंधर्वांना पंख लावून कुणी व्यंगचित्रसुद्धा काढणार नाही.

आणि पंख कुणाला होते? पर्वतांना. ते उडून कुठेही बसायचे म्हणून इंद्राने छाटले. एकटा मैनाक समुद्रात लपल्यामुळे वाचला. हत्तींनाही होते, ते ऋषीच्या शापाने गेले. देवांना उडायला पंख लागत नाहीत आणि डोंगराला मात्र असतात, ही कल्पना ज्याला सुचली त्याला मनापासून नमस्कार.

अपवाद किन्नरांचा. संस्कृत वाङ्मयात ते बरेचदा घोडमुखे, पण बौद्ध कलेत कमरेखाली पक्षी आणि वर माणूस, हातात वाद्य. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या आसपास ते भेटतात. 'किं नर', हा माणूसच ना, असा प्रश्न ज्याच्या नावातच आहे त्याला हात आणि पंख दोन्ही मिळाले. पाय तेवढे गेले. दिव्यावदानातली किन्नरी मनोहरा मात्र चूडामणीच्या जोरावर उडते. तो मणी काढून घेतला की ती जमिनीवर. हीच कथा थायलंडमध्ये पोचली तेव्हा मण्याच्या जागी काढून ठेवता येतील असे पंख आणि शेपटी आली, आणि तिच्याभोवती 'नोरा' नावाचं अख्खं नृत्यनाट्य उभं राहिलं. २०२१ साली युनेस्कोने ते आपल्या यादीत घेतलं. एकाच कथेत भारत मणी देतो आणि आग्नेय आशिया पंख, हा फरक मला पुष्कळ काही सांगून जातो.

काढून ठेवता येणारे पंख ही स्वतंत्र जात आहे, तिचा पसारा मोठा पण गोष्ट एकच. नदीकाठी पिसांचं वस्त्र ठेवून स्वर्गातली बाई आंघोळीला उतरते, कुणी पुरुष ते लपवतो, ती संसारात अडकते, एक दिवस वस्त्र सापडतं आणि ती जाते. जपानमधलं 'हागोरोमो' हे नो नाटक या गोष्टीचं सर्वांत सभ्य रूप. त्यात कोळी वस्त्र परत करतो. बदल्यात नाच मागतो, एवढंच. शतपथ ब्राह्मणात पुरूरव्याला सोडून गेलेली उर्वशी सरोवरावर पाणपक्ष्यांच्या रूपात पोहणाऱ्या अप्सरांमध्ये सापडते. तिला उडून जाताना पिसं शोधावी लागली नाहीत, हे तिचं नशीब.

पाठीला पंख आणि हात शाबूत, हा आज सगळ्यांच्या डोळ्यांपुढचा नमुना ग्रीकांच्या नायकीचा, म्हणजे विजयदेवतेचा. ख्रिस्ती देवदूतांनी तो तिच्याकडून घेतला. सुरुवातीच्या ख्रिस्ती चित्रांत देवदूत साधे तरुण असत. पंख लागले ते चौथ्या शतकाच्या अखेरीस. बायबलमधल्या यशयाने सहा पंखांचे सेराफीम पाहिले, त्यांची एक जोडी तोंड झाकायला, दुसरी पाय झाकायला, आणि उडायला उरली एकच. सहापैकी चार पंख नुसते संकोचाचे. चित्रकारांपुढचा प्रश्न असा होता की हात ठेवून पंखांची ही जादा जोडी पाठीला जोडायची कुठे? लिओनार्दोने तरुणपणी काढलेल्या एका चित्रातल्या देवदूताचे पंख खऱ्या पक्ष्याचे वाटावेत इतके आखूड आणि मजबूत होते. नंतर दुसऱ्या कुणीतरी ते लांबवले. खरा पंख भाविकांना कमी पडला असावा.

खरोखर किती मोठा पंख लागेल, याचं उत्तर जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ सालच्या एका निबंधात दिलं होतं. पुढे भारताचं नागरिकत्व घेऊन भुवनेश्वरला देह ठेवणारे हेच ते शास्त्रज्ञ. त्यांचा हिशेब असा की गरुडाच्या किंवा कबुतराच्या ताकदीचे स्नायू देवदूताला दिले, तर ते मावण्यासाठी त्याची छाती सुमारे चार फूट पुढे आली पाहिजे आणि वजन वाचवण्यासाठी पाय काटक्यांसारखे हवेत. कारण आकार दुप्पट केला की पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट. घारीला जे जमतं ते माणसाएवढ्या घारीला जमणार नाही. पक्ष्याच्या छातीच्या हाडाला नावेच्या तळासारखी उभी धार असते, त्या धारेला उड्डाणाचे स्नायू धरतात. कबुतरात हे स्नायू अंगाच्या वजनाच्या पाव भागाच्या आसपास भरतात. वर पोकळ हाडं, फुफ्फुसाला जोडलेल्या हवेच्या पिशव्या. जायकवाडीच्या पाण्यावर हिवाळ्यात उतरणारा पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो तो या यंत्रणेवर. पाठीला दोन पिसारे चिकटवले म्हणजे माणूस उडत नाही, हे बोरेली या इटालियन शास्त्रज्ञाने १६८०च्या सुमारासच स्नायूंचं गणित मांडून सांगितलं होतं.

मग माणसाच्या वजनाचा पक्षी कधी झालाच नाही का? झाला. अर्जेंटिनात सुमारे साठ लाख वर्षांपूर्वी राहणारा अर्जेंटॅव्हिस साधारण ७० किलोचा, पंखांचा पसारा सात मीटरपर्यंत. जीवाश्मशास्त्रज्ञ शंकर चॅटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली त्याच्या उड्डाणाचा अभ्यास मांडला: पंख फडफडवत राहून त्याला हवेत टिकता येत नव्हतं, तो उतारावरून धावत वाऱ्यावर स्वार व्हायचा आणि गरम हवेच्या झोतांत घिरट्या घालायचा. माझ्या मते कुठल्याही अद्भुत जगातल्या पंखमाणसांची वस्ती कड्यावर का असते, याचं यापेक्षा चांगलं कारण सापडणार नाही. लेखकांनी ती दिसायला छान म्हणून तिथे ठेवलेली असते, ही गोष्ट वेगळी.

माणूस शेवटी स्वतःच्या ताकदीवर उडाला, पण पायांनी. १२ जून १९७९ रोजी ब्रायन ॲलन पेडल मारत इंग्लिश खाडी ओलांडून गेला. यंत्राचं नाव 'गॉसमर अल्बट्रॉस', पंखांची लांबी सुमारे ३० मीटर, वजन फक्त ३२ किलो. नऊ वर्षांनी 'डीडलस' नावाच्या विमानात एका ग्रीक सायकलपटूने क्रीटपासून सांतोरिनीपर्यंत ११५ किलोमीटर अंतर तोडलं, दंतकथेतल्या डीडलस-इकारस या बापलेकांच्या मागावर. किनारा काही मीटरवर असताना वाऱ्याच्या झोताने विमान मोडलं आणि तो पाण्यात पडला. पोहत बाहेर आला. इकारसपेक्षा बरं. आपल्या संपातीपेक्षाही बरं. धाकट्या जटायूवर पंखांची सावली धरताना त्याचे पंख जळून गेले ते गेलेच होते.

आधुनिक अद्भुतकथेने हा शास्त्रीय अडथळा दोन प्रकारे चुकवला. एक सरळ लबाडी. अमेरिकन कॉमिक्समधला १९४०चा हॉकमॅन अशा धातूचा पट्टा घालतो की ज्याच्यापुढे गुरुत्वाकर्षण चालत नाही. पंख फक्त वळायला. फ्लॅश गॉर्डनच्या १९३४च्या चित्रमालिकेत हवेत तरंगणारं शहर आणि ससाणामाणसं आहेत, तिथे तर स्पष्टीकरणाची तसदीही नाही. इंद्रजाल कॉमिक्समधून फ्लॅश गॉर्डन आपल्याकडेही वाचला गेला. त्या वयात हाडांच्या पोकळपणाची चौकशी कुणी करत नाही. दुसरा प्रकार जास्त मनोरंजक, किंमत मोजायला लावणारा. त्याकडे येण्याआधी एक जुनी तडजोड: रॉबर्ट पॅल्टॉकच्या १७५१च्या कादंबरीत पीटर विल्किन्स ज्या उडत्या जमातीत लग्न करतो, तिचे पंख पिसांचे नसून पातळ पडद्याचे आहेत, आणि मिटले की तेच अंगावरचा कपडा होतात. सदऱ्याचा प्रश्न सुटला! माझ्या सातवीतल्या शंकेचं उत्तर इतक्या आधी छापून ठेवलेलं होतं.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात पंखवाल्या जमाती दरवर्षी वाढतच असतात. १९८१च्या एका पुस्तकातला आराकोक्रा मला त्यांत प्रामाणिक वाटतो. त्याला वेगळे हात नाहीत; पंखाच्या काठावर मध्येच बोटं आहेत, आणि ती उडताना कामाची नाहीत, जमिनीवर उतरल्यावरच. शिवाय त्याला बंद जागेची भीती, म्हणजे तळघरात खजिना शोधण्याच्या खेळात बिचारा निरुपयोगी. नंतरच्या आवृत्त्यांत त्याला रीतसर हात मिळाले, आणि त्याबरोबर नियम आला की जड चिलखत घातलं तर उडता येणार नाही. खेळ चालवणारे अनेकजण सुरुवातीलाच उडणाऱ्या पात्रांवर बंदी घालतात, कारण दरी, भिंत आणि कुलूप, साहसकथेतले निम्मे अडथळे पंख असले की उरतच नाहीत. त्याच खेळाच्या एका आवृत्तीतले केंकू कावळ्यासारखे, पण शापाने पंखही गेले आणि स्वतःचा आवाजही. ऐकलेल्या आवाजांची नक्कल जोडून जोडून ते बोलतात. सायरनचं जे एकमेव धन होतं, तेही काढून घेतलेलं.

जपानी गेमांनी निरनिराळ्या जातींची मांडणी जास्त पद्धतशीर केली. 'फायर एम्ब्लेम' मालिकेच्या २००५च्या भागात तीन पक्षिकुळं आहेत: ससाणे, डोमकावळे आणि बगळे. माणसाच्या रूपात सगळ्यांच्या पाठीला पंख, लढताना पूर्ण पक्षी. ससाणे शूर आणि सरळ. डोमकावळे धूर्त, पैशासाठी लूटमार करणारे. बगळे गोरे, गाणारे, अहिंसक, आणि म्हणूनच माणसांनी त्यांचं जंगल जाळून जवळजवळ निर्वंश केलेले. गोष्ट चांगली रंगते. पण क्षत्रिय, वैश्य, ब्राह्मण अशी ही विभागणी मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. जन्माने ससाणा तो शूर, जन्माने डोमकावळा तो लबाड. आणि माणूस व अशी कुळं यांच्या संकरातून झालेल्या मुलांना दोन्हीकडचे अस्पृश्य मानतात, हेही त्या खेळात आहे. लेखकांनी त्या अन्यायावर बोट ठेवलं आहे, पण ससाण्याने कधी कविता करावी आणि बगळ्याने उधारी बुडवावी, इतकं स्वातंत्र्य दिलेलं नाही. सबंध अद्भुतवाङ्मयात घुबड प्राध्यापक आणि कावळा चोर. आपल्याकडे कावळा दहाव्याच्या पिंडाला शिवेपर्यंत माणसं ताटकळतात. उद्या कुणी मराठीत पंखमाणसांचं जग रचलं, तर त्यातले कावळे लबाड असायचं कारण नाही. ते वाडवडील असतील, आणि त्यांचे रुसवे काढावे लागतील.

किंमत मोजायला लावणाऱ्या लेखनात उर्सुला ले ग्विन यांची २००३च्या संग्रहातली गाय नावाच्या जगाची कथा मला सर्वांत वरची वाटते. तिथल्या साऱ्या लोकांना केसांऐवजी पिसं आहेत, पण पंख फुटतात ते हजारात एखाद्यालाच, ऐन तारुण्यात, महिनोन् महिने ताप आणि वेदना सोसून. आणि फुटल्यावरही ते आयुष्यात केव्हाही, हवेत असतानाच, अचानक निकामी होऊ शकतात. म्हणून पुष्कळजण पंख बांधून ठेवतात आणि नोकरी करतात. त्यांतला एक वकील शांतपणे सांगतो की मी कधी उडालो नाही, आणि ते वाचताना आपल्याला ओळखीची दहा माणसं आठवतात. जपानी 'हाइबाने रेन्मेई' (२००२) या ॲनिमे मालिकेत तर पंख उडण्यासाठी नाहीतच. पाठीची कातडी फाडून, रक्ताने माखलेले छोटे करडे पंख बाहेर येतात, आणि रात्रभर शेजारी बसून कुणीतरी दुसरी मुलगी एकेक पीस पुसून स्वच्छ करते. पंखांपेक्षा पुसणारे हात लक्षात राहतात.

चायना मिएव्हिलच्या 'पर्डिडो स्ट्रीट स्टेशन' (२०००) मध्ये आपला गरुड परत भेटतो, नावासकट. वाळवंटातल्या गरुड जमातीचा यघारेक. त्याचे पंख जमातीने शिक्षा म्हणून करवतीने कापले आहेत. पैशाने भरलेली पिशवी घेऊन तो शहरातल्या शास्त्रज्ञाकडे येतो: मला पुन्हा उडव. गुन्हा काय हे शेवटी कळतं, दुसऱ्या व्यक्तीची निवड हिरावून घेणं असं त्यांच्या कायद्याचं नाव, आपल्या भाषेत बलात्कार. आणि इतका वेळ ज्याच्यासाठी जीव तुटत होता त्याच्याकडे बघायचं कसं, हा प्रश्न वाचकावर येऊन पडतो. विष्णूपुढे हात जोडून बसलेल्या गरुडापासून हा गरुड फार दूर गेला आहे. पण आदिपर्वातल्या भुकेल्या, हट्टी, कुणाचं न ऐकणाऱ्या पक्ष्याशी त्याचं नातं कदाचित जास्त जवळचं असावं.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात जिन्याच्या माथ्यावर सॅमोथ्रेसची नायकी उभी आहे, सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीची. १८६३ साली ती तुकड्यांत सापडली. डोकं नाही, दोन्ही हात नाहीत. पंख मात्र दोन्ही आहेत. त्यांतला उजवा प्लास्टरचा आहे, डाव्याचं उलटं रूप घेऊन बनवलेला, कारण खऱ्याचे फार थोडे तुकडे मिळाले. पंख तर घडवले, हात कुणी घडवले नाहीत. ते कसे होते यावर एकमत झालं नाही. १९५० साली त्याच बेटावर उत्खननात तिच्या उजव्या हाताचा पंजा सापडला. तुटलेल्या बोटांचे दोन तुकडे व्हिएन्नाच्या संग्रहालयात निघाले, ते जुळले. तो हात आता पुतळ्याच्या बाजूला एका काचेच्या पेटीत ठेवला आहे. जिना चढून येणारे लोक वर पंखांकडे बघत जातात. पेटीजवळ गर्दी नसते.